सांचीचं पोट आणि माझा संशय

"पोटात काही सापडलं नाही, आणि तरीही दुखणं खरं आहे," कर्जतच्या बालरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. मी मनात म्हटलं, ही बाई मला गुंडाळतेय.

समोर फाइल उघडी होती. रक्ताचा रिपोर्ट, लघवीचा, शौचाचा, पोटाची सोनोग्राफी. सगळीकडे नॉर्मल. माझी नऊ वर्षांची सांची शेजारच्या स्टुलावर बसून भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे बघत होती. मॅडमनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं, फंक्शनल अ‍ॅब्डॉमिनल पेन. म्हणजे कुठल्या अवयवाला सूज, जखम, गाठ काही नाही, पण पोटाच्या नसा जरुरीपेक्षा जास्त जाग्या झाल्या आहेत, म्हणून साध्या हालचालीचीही त्यांना कळ जाणवते. "यात अँग्झायटीचा, म्हणजे मनातल्या भीतीचा बराच भाग असतो," त्या म्हणाल्या. "हिला कसली भीती वाटते का?"

"हिला कसली आलीय भीती? खाऊनपिऊन मजेत आहे," मी म्हटलं. सांची हत्तीकडेच बघत राहिली.

तुमच्याही हातात अशी नॉर्मल नॉर्मल लिहिलेली फाइल असेल आणि घरी लेकरू पोट धरून बसत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी कुणी शहाणी नाही. कडावला दूध संकलन केंद्रावर काम करते. गावातलं दूध सकाळ-संध्याकाळ येतं, मी नमुना घेते, फॅट काढते, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मशीनवर मोजते, पाणी घातलंय का बघते. समोरचा कितीही गोड बोलला तरी कॅन उघडून बघायचं, ही माझी नोकरी. घरी आले म्हणून ती सवय काही दारात चपलांजवळ राहत नाही. सांचीचे पप्पा कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात. ते म्हणतात, तू भाजीवाल्याच्या हसण्याचीही फॅट काढशील. तर अशा बाईला डॉक्टर सांगत होत्या की काही नाही, पण आहे. मी विश्वास कसा ठेवावा?

पहिल्यांदा दुखलं तेव्हा भाताची झोडणी चालू होती. सांची पेंढ्यावर खेळत होती, ती वाकून घरात आली. "आई, बेंबीपाशी दुखतंय." ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. थोड्या वेळाने पोरगी परत बाहेर. आठवडाभराने पुन्हा तेच. मग पुन्हा. बघता बघता घरात तो रोजचाच विषय झाला.

मी एकेकाला पकडायला सुरुवात केली. आधी जंत. गोळी झाली, दुखणं तसंच. मग शाळेची खिचडी. मी न सांगता थेट शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. खिचडी करणाऱ्या मावशींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मला ताट भरून वाढलं. "खा. पोरं खातात तेच हाय." खिचडी चांगली होती, हे मी तिथे कबूल केलं नाही. मग बोअरवेलच्या पाण्यावर आले. घरात पाणी उकळून प्यायला लागलो, सासूबाईंना चहाशिवाय काही गरम चालत नाही, त्या रोज कुरकुरायच्या. दुखणं होतं तिथेच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, बेंबी सरकली असेल. त्यांनी सांचीला पाटावर झोपवून पोटावर छोटा दिवा ठेवला आणि वर तांब्या पालथा घातला. तांब्या पोटाला चिकटला तशी सांची खुदकन हसली. दोन-तीन दिवस बरी होती. काकूंचा गावभर उदोउदो मीच केला. मग पुन्हा दुखलं आणि काकू म्हणाल्या, परत सरकली.

सोनोग्राफीला आम्ही खोपोलीला गेलो. तिथे मुलांना भरपूर पाणी पाजून बसवतात, लघवीची पिशवी भरली की आतलं नीट दिसतं. सांची पाय आवळून बसली होती, नंबर काही येत नव्हता, आणि मी नंबर लावणाऱ्या मुलीवर नजर ठेवून होते की ओळखीच्या माणसांना आधी आत सोडतेय का. सोडत नव्हती. रिपोर्टात शेवटी नॉर्मलच लिहिलं होतं, पण मधे एक शब्द होता, मेसेंटेरिक लिम्फ नोड्स. तिथल्या माणसाने सहज सांगितलं, "आतड्याजवळ बारीक गाठी आहेत." गाठी हा शब्द ऐकला आणि मी रिपोर्ट घेऊन तडक बाहेर पडले. घरी येईपर्यंत टमटममध्ये मी पदर तोंडाला लावून बसले होते. सांची माझ्याकडे टक लावून बघत होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी समजावलं की या गाठी म्हणजे शरीराच्या चौक्या असतात, साध्या सर्दीनेही मुलांच्या पोटात त्या थोड्या मोठ्या दिसतात, हा रोग नव्हे. हे आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग मला पोरीचाच संशय यायला लागला. हेही लिहिते, कारण तुम्हालाही येणार. आत्ता पोट धरून रडत होती आणि जरा वेळाने समोसा खातेय, हे बघितलं की कुणालाही येतो. बाईंनीही शाळेतून फोन करून हळूच विचारलं, "नाटक तर करत नाही ना?" मी एकदा मुद्दाम म्हटलं, "दुखतंय ना, मग मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं नाही." मला वाटलं, आता उठून बसेल. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बरं." महिनाभर त्या वाढदिवसाची वाट बघणारी पोर ती. त्या दिवशी मी तिच्यावरचा संशय मागे घेतला.

संशय असा रिकामा राहत नाही. त्याला कुणीतरी लागतं. ते मला सापडलं.

शाळेचं टेन्शन असेल, असं जो तो म्हणत होता. पण माझ्या लक्षात आलं होतं की सांचीचं सगळ्यात जास्त दुखतं ते रविवारी. रविवारी शाळा कुठली? रविवारी आमच्याकडे यायच्या सुनंदाताई, माझी थोरली नणंद. त्यांचे यजमान भिवपुरीच्या वीजघरात कामाला, राहायला तिथलीच क्वार्टर्स. दारात अबोली, आत सगळं जागच्या जागी. कारण जागचं हलवणारं कुणी नाही. लग्नाला वीस वर्षं होत आली, मूल नाही.

ताई आल्या की घरच्या नानकटाया आणायच्या. सांची आणि तिची धाकटी बहीण मैत्री दोघी त्यांच्या अंगावर लोळायच्या. मग सासूबाई ठरलेलं वाक्य टाकायच्या, "दोन दोन पोरी हायत हिच्या. एक तू घेऊन जा गं." ताई हसून सांचीला जवळ ओढायच्या, "चल, पिशवीत घालून नेते." सगळे हसायचे. सांचीही हसायची. मीही हसायचे, पण दात न उघडता. दोन मुलींवर आमचं थांबायचं ठरलंय, ते सासूबाईंना पटलेलं नाही. त्यामुळे ही मस्करी आहे की चाचपणी, हे मला कधीच नक्की कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी नानकटाया लपवून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर नेऊन स्वतः खाल्ल्या. मला काही झालं नाही. सांचीला एकही दिली नव्हती, तरी तिचं पोट दुखलंच होतं. खाण्यातून नाही, मग नजरेतून. आता आमचं घर बौद्ध. सासरे विहारात उभे राहून अंधश्रद्धेवर बोलतात, आमच्याकडे लिंबूमिरचीसुद्धा दाराला लागत नाही. म्हणून मी सांचीला शेजारच्या काकूंच्या मागच्या पडवीत नेलं. त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. ठसका आला नाही म्हणजे नजर होती, काकू म्हणाल्या, आणि मला तेवढं पुरलं. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी होती आणि वारा सुटला होता, हे माझ्यासारख्या तपासणारीच्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

संध्याकाळी वेणी घालताना सांचीच्या केसातून मोहरी पडली. तिच्या पप्पांनी बघितली. कुणाची नजर, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. "माझ्या बहिणीची? तिला मूल नाय म्हणून तिची नजर वाईट?" ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मलाही राग होता. सख्खी बहीण म्हटल्यावर यांना काय दिसणार, असं मला वाटत होतं.

मी ताईंना फोन केला, "परीक्षा जवळ आलीय, सध्या रविवारी नका येऊ." त्या म्हणाल्या, "बरं गं, अभ्यास करू दे." त्या आल्या नाहीत. आणि खरंच सांचीचं दुखणं कमी झालं. पूर्ण गेलं नाही, पण रविवार दुखण्याशिवाय जायला लागले. मला अगदी खात्री पटली. चोर सापडला होता.

ठरल्या तारखेला मी तोऱ्यातच मॅडमकडे गेले. तुम्ही भीती म्हणत होतात, मी कारण शोधून काढलंय, असं म्हणून सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील नाहीतर रागावतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आत्या आल्या की दुखतं, नाही आल्या की कमी होतं. आता ते का, हे सांचीलाच विचारू या. तुम्ही जरा बाहेर बसा."

माझ्या पोरीला माझ्या पाठीमागे काय विचारणार? मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक बाई ताप आलेल्या बाळाला मांडीवर हलवत होती. काचेतून मला सांचीची पाठ दिसत होती आणि मॅडम तिच्यासमोर कागद ठेवून रंगीत खडू देत होत्या. सांची काहीतरी बोलत होती. खूप बोलत होती. इतकं ती माझ्याशी कितीतरी दिवसांत बोलली नव्हती. मला त्या मॅडमचा मत्सर वाटला.

मग मला आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्हाला सांगू का, असं मी सांचीला विचारलंय. ती हो म्हणाली. तुम्ही रागवायचं नाही, एवढीच तिची अट आहे."

सांचीला वाटत होतं की आपल्याला आत्याकडे देऊन टाकणार आहेत. आणि ताई तिला पोट दुखताना कुरवाळत म्हणायच्या, "लवकर बरी हो. बरी झालीस की घेऊन जाते तुला माझ्याकडं." सासूबाईही तेच म्हणायच्या. मीही म्हटलं होतं, मला स्पष्ट आठवतं, "बरी झालीस की आत्याकडे जाऊ हां." आम्ही तिला धीर देत होतो. तिने ऐकलं ते असं, की बरी झाले की मला नेतील.

"पण ती तर मस्करी होती," मी म्हटलं. "हिलाही ठाऊक होतं. ही हसायची."

मॅडमनी सांचीकडे बघितलं. सांची खडूचा कागद सोलत म्हणाली, "मला पण मस्करीच वाटायची. मंग तू आजीला फोनवर सांगत होतीस. ती माझी पोर न्यायला टपलीय म्हणून. तू सांगितलंस म्हणजे खरंच ना."

झोडणीच्या आधी एका दुपारी माझ्या आईशी मी फोनवर बोलत होते, ओट्याशी उभी राहून. सांची बाहेर खेळतेय असं मी धरून चालले होते.

मला तेव्हा रडू आलं नाही, घाम आला. मॅडमनी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "आई, ती नाटक करत नव्हती, हे लक्षात घ्या. बरं व्हायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं. आतडं आणि मेंदू एकमेकांशी सतत बोलत असतात. मनात भीती असली की पोटाच्या निरोपांचा आवाज मोठा होतो. दुखलं की अजून भीती वाटते, भीतीने अजून दुखतं. हे चक्र आहे. आणि मुलं भीती मोठ्यांच्या चेहऱ्यावर वाचतात." सोनोग्राफीच्या दिवशी टमटममध्ये माझ्याकडे टक लावून बघणारी सांची मला आठवली.

निघताना मी विचारलं, "पण खरंच आत काही असलं तर? तुमच्याकडून राहून गेलं असलं तर?" हा प्रश्न मी विचारणारच होते. मॅडमना राग आला नाही. कशावर लक्ष ठेवायचं ते त्यांनी सांगितलं, तुम्हीही ध्यानात ठेवा. दुखण्याने मूल झोपेतून उठायला लागलं, वजन उतरलं, शौचातून रक्त गेलं, उलट्या थांबेनात, ताप येत राहिला, किंवा बेंबी सोडून एकाच कडेला दुखायला लागलं, तर थांबायचं नाही, तडक डॉक्टरकडे जायचं. यातलं काही नसेल तर दर तासाला दुखतंय का म्हणून विचारायचं नाही. ती सांगेल तेव्हा ऐकायचं, गरम पिशवी द्यायची, पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायला लावायचा, आणि शाळा चुकवू द्यायची नाही. न विचारणं मला सगळ्यात जड गेलं. दिवसातून कितीदा तरी दुखतंय का हे शब्द माझ्या ओठांवर यायचे आणि मी भांडी घासायला घ्यायचे. त्या दिवसांत आमची भांडी लखलखीत होती.

घरी सगळ्यांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मस्करीनं काय पोट दुखतं होय? आमी पण पोरांना असंच म्हणायचो." सासरे जेवता जेवता थांबले आणि एवढंच म्हणाले, "आजपासून या घरात ती मस्करी बंद." सासूबाई तोंड फिरवून बसल्या, पण पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

भिवपुरीला मात्र मलाच जायचं होतं. सांचीचे पप्पा येतो म्हणाले, मी नको म्हटलं. सांचीला घेऊन गेले. ताईंनी दार उघडलं, पोरीला बघून हात पुढे केले, आणि सांची माझ्या मागे सरकली. ताईंचे हात तसेच राहिले. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. नानकटाया, नजर, मोहरी, फोन. काही राखलं नाही. परीक्षा खोटी होती हेही सांगितलं.

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नजर म्हणालीस ते लागलं मला," त्या म्हणाल्या. "लोकांचं ऐकून ऐकून कान मेलेत माझे, पन तुझ्याकडनं नव्हतं वाटलं." मी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "पन खोटं कशाला बोलू गं. मनात आलं होतं माझ्या. मैत्री झाली तेव्हा. एक मागावी का म्हणून. आईजवळ बोलले पन होते. मागितली नाय. मागून पोर मिळंल, पन तिची आई काय विसरणार हाय?"

म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. इतके दिवस जे खरं निघावं म्हणून मी तपास करत होते, ते निघालं होतं, आणि मला त्याचं काहीच समाधान वाटेना. समोर एक बाई बसली होती, जिने मनात आलेलं मनातच ठेवलं होतं, आणि मी मात्र माझ्या मनातलं पोरीच्या कानापर्यंत पोचवलं होतं. मला त्यांची लाज वाटली आणि मायाही वाटली.

ताई उठल्या, सांचीसमोर फरशीवर बसल्या, हात लावला नाही. "सांची, ऐक. मी तुला नेणार नाय. दुखलं तरी नाय आणि बरी झालीस तरी नाय. तू आईची हायस. माझ्याकडं तू पाहुणी यायचं. यायचं तर यायचं, नायतर नाय."

"मैत्रीला?" सांचीने विचारलं.

मला हे माहीत नव्हतं. ती फक्त स्वतःसाठी भीत नव्हती.

"मैत्रीला पन नाय," ताई म्हणाल्या. सांची तिथेच उभी राहिली, मग हळूच जाऊन त्यांच्या खांद्याला टेकली.

त्या दिवसापासून दुखणं थांबलं असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलेलं वाचलं की मला त्या लिहिणाऱ्याचाच संशय येतो. पुढेही दुखलं. सहामाहीच्या वेळी दुखलं, तिचे पप्पा रात्रपाळीला असताना दुखलं. खोपोलीला एका समुपदेशक बाईंकडे आम्ही काही महिने जात होतो. भीती आली की तिला नाव द्यायचं, श्वास मोजायचा, हे तिने तिथे शिकून घेतलं. दोन दुखण्यांमधलं अंतर वाढत गेलं. मॅडमचे मी आभार मानते, कारण डॉक्टरवरही आणि घरच्यांवरही संशय घेणाऱ्या आईला त्यांनी एकदाही वेडी म्हटलं नाही. ताईंचे मानते, पण ते त्यांच्यासमोर म्हणायला अजून तोंड होत नाही.

आणि मी? मी तशीच आहे. दुधात पाणी आहे का ते बघतेच, माणसांचंही बघते. फक्त एवढं शिकलेय की संशय आला तर तो ज्याचा आहे त्याच्यासमोर जाऊन बोलायचा, ओट्याशी उभं राहून फोनवर नाही.

यंदा मे महिन्यात सांचीने आपणहून पिशवी भरली. आत्याकडे राहायला जाते म्हणाली, चार दिवस. मैत्रीला नेणार नव्हती, ती रात्री रडते म्हणून. मी तिचे कपडे घडी करत होते आणि इतके महिने गिळलेला प्रश्न शेवटी तोंडातून निसटलाच. तिकडे पोट दुखलं तर?

सांचीने चेन लावली. "दुखलं तर दुखंल. मंग थांबंल. तू लगेच न्यायला येऊ नको."